मधली जागा मोकळी : बेटाविना स्वयंपाकघराची रचना

स्वयंपाकघराच्या मधोमध, एकाही भिंतीला न टेकता उभा असलेला ओटा म्हणजे आयलंड, सरळ मराठीत बेट. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपनगरांतली घरे ऐसपैस होत गेली, स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यामधली भिंत गेली आणि त्या मोकळ्या जागेत हे बेट रुजले. मॉड्युलर किचनच्या दुकानांतून आणि सजावटीच्या मासिकांतून ते मराठी घरांच्याही ओळखीचे झाले आहे. मुंबई, पुणे, नाशिक किंवा कोल्हापूरच्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये मात्र ते बसत नाही. कारण जागेच्या गणितात आहे.

भिंतीलगतचा ओटा २४ इंच खोल असतो. त्याच्यापुढे उभे राहून काम करायला, वाकून ट्रॉली ओढायला आणि मागून दुसऱ्या माणसाला जायला ४२ इंच तरी लागतात. बेट २४ इंचांहून अरुंद केले तर त्यावर परातही धड राहत नाही, आणि त्याच्या पलीकडे चालायला ३६ इंच हवेत. ही बेरीज १२६ इंचांची, म्हणजे साडेदहा फुटांची होते. लांबीच्या बाजूने चार फुटांचे बेट आणि दोन्ही टोकांना तीन-तीन फूट वाट धरली, तर दहा फूट. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावे. जेवणही तिथेच होणार असेल तर ७.५ चौरस मीटर आणि २.१ मीटर. १.८ मीटर म्हणजे जेमतेम सहा फूट. ‘आठ बाय दहा’चे स्वयंपाकघर त्यामानाने प्रशस्तच. पण त्यातही ओट्याचे दोन फूट वजा जाता सहा उरतात, आणि दोन फुटांचे बेट मध्ये ठेवले की दोन्ही बाजूंना दोन-दोन फुटांच्या बोळकांडी राहतात. ट्रॉली वीस इंच बाहेर आली, की ती ओढणाऱ्याला उभे राहायला चार इंच. फ्रीजचे दार तर पुरते उघडतही नाही.

म्हणून बेट हवे की नको, हा बहुतेक घरांपुढचा प्रश्न नाही. बेटाकडून जी कामे अपेक्षित असतात ती कुठे करायची, हा आहे. अशी कामे चार. पहिले, चिरण्या-मळण्या-लाटण्यासाठी सलग सपाटी. दुसरे, खाली सामान ठेवायची सोय. तिसरे, रांधणाऱ्या माणसाशी बोलत बसायला किंवा घाईत नाश्ता उरकायला जागा. चौथे, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकच असेल तर त्यांच्यामध्ये एक हद्द. या चारही कामांना एकच वस्तू लागत नाही. कामे सुटी केली, की प्रत्येकाला भिंतीलगत, खिडकीत किंवा दारामागे जागा सापडते.

मराठी घरात ही कामे पूर्वीपासून खोलीच्या मधोमधच होत आली, पण जमिनीवर. चूल भिंतीकडेला असे. तिच्या मुख्य तोंडावर भात शिजे आणि बाजूच्या वैलावर, उरल्या आचेवर, आमटी गरम राही. पाण्याचे हंडे-कळशा एका कोपऱ्यात, डबे फडताळात किंवा मांडणीवर, दह्यादुधाची भांडी शिंकाळ्यात. मधली जमीन मात्र रिकामी ठेवलेली असे. सकाळी तिथे विळी येई, मग परात, मग पोळपाट. दुपारी तिथेच पाट मांडून पंगत बसे आणि उष्टी काढून शेण फिरवले, की जमीन पुन्हा मोकळी. रोज मांडायचे आणि रोज उचलायचे असे हे बेट होते. एक जागा तीन-चार कामांना लागे आणि काम संपले की कोणाच्या पायात येत नसे. लहान जागेच्या रचनेत याहून मोलाचे तत्त्व नाही.

शहरात खोली आक्रसली तेव्हा हे तत्त्व आणखी ताणले गेले. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. अशा एका खोलीत मोरी, स्वयंपाक, अभ्यास आणि झोप हे सगळे सामावे. एका भिंतीला स्वयंपाकाचा कोपरा, त्याच्या वर भांड्यांची मांडणी आणि त्याच्याही वर माळा, असा संसार उभ्या भिंतीवर चढत गेला. पुढे स्टोव्ह आणि मग गॅस आला, तसा बसून होणारा स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. ओटा कमरेच्या उंचीवर आला. त्यावर आधी शहाबादी फरशी किंवा कडाप्पा आणि पुढे ग्रॅनाइट बसला. जमिनीवरची कामे आता याच एका फळीवर आली. आजच्या स्वयंपाकघरात ओटा नेहमी अपुरा का वाटतो, याचे उत्तर या स्थलांतरात आहे.

आखीव स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार युरोपातही अरुंद जागेतच सुरू झाला. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफुर्टच्या नव्या कामगार वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखले, ते १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते. तिच्यासमोर आगगाडीच्या उपाहार-डब्यातले स्वयंपाकघर होते: जागा हातभर, पण माणसे शेकड्याने जेवणारी. तिने खिडकीखाली बसून काम करायचा ओटा, धान्या-पिठासाठी ओढून काढायचे ॲल्युमिनियमचे डबे आणि भिंतीत उभी मिटणारी इस्त्रीची फळी, असे एकेका कामाला नेमके ठिकाण दिले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. जगभरातल्या मॉड्युलर किचनची ही आजी, आणि तिच्या मध्यभागी काहीही नव्हते.

पुढे १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून कामाचा त्रिकोण ही कल्पना रूढ झाली. शेगडी, सिंक आणि फ्रीज हे तीन बिंदू. कोणत्याही दोन बिंदूंत चार ते नऊ फूट अंतर आणि तिन्ही बाजूंची बेरीज बारा ते सव्वीस फूट. नियम आजही उपयोगी आहे, पण मराठी स्वयंपाकाला तो जसाच्या तसा पुरत नाही. पोळ्या करताना फ्रीजकडे एकदाही जावे लागत नाही. परातीतून गोळा उचलायचा, पोळपाटावर लाटायचा, तव्यावर टाकायचा, उलटायचा आणि डब्यात ठेवायचा ही फेरी चौघांच्या घरात वीस-पंचवीस वेळा होते. ती सगळी शेगडीशेजारच्या तीन फुटांत, पाऊल न उचलता व्हायला हवी. फोडणीचे तसेच. तेल तापले की मोहरी, हिंग, हळद ही हाताच्या टप्प्यात हवीत. मिसळणाचा डबा दोन पावलांवर असला तर मोहरी जळते. त्यामुळे आपल्याकडे शेगडीच्या एका अंगाला किमान तीन फूट आणि दुसऱ्या अंगाला उतरवलेले पातेले ठेवण्यापुरता दीड फूट मोकळा ओटा, ही पहिली अट धरावी. सिंक आणि शेगडी यांच्यामधला भाग चिरण्याचा. हा पट्टा जितका सलग, तितकी बेटाची उणीव कमी.

ओट्याची उंची हा तितकाच महत्त्वाचा विषय. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट आहे. उभ्या माणसाच्या कोपरापासून साधारण चार इंच खाली काम असले, की खांदे उचलावे लागत नाहीत आणि पाठही वाकत नाही. पाच फुटांच्या बाईसाठी हे माप ३२ ते ३३ इंच येते. परदेशी कॅटलॉगमधली ३६ इंची उंची तिला जड जाते. लाटताना जोर खांद्यातून यावा लागतो, म्हणून पोळपाट आणखी दोन-तीन इंच खाली हवा. गॅसची शेगडी स्वतःच काही इंच उंच असते आणि तिच्यावर कुकर ठेवला की झाकण डोळ्यांसमोर येते. शेगडीचा भाग थोडा खाली घेतलेला ओटा किंवा ग्रॅनाइटमध्ये बसवलेली हॉब, हे त्यावरचे दोन उपाय. ओट्याच्या तळाशी पाऊल आत जाईल अशी चार इंच उंच आणि तीन इंच खोल खाच ठेवली, तर तास-तासभर उभे राहणाऱ्याची कंबर वाचते.

बेट नसलेल्या स्वयंपाकघराचे चार आकार प्रचलित आहेत. पहिला एकाच भिंतीचा सरळ ओटा. वन-रूम-किचनमध्ये बहुधा दुसरा मार्ग नसतो. त्याचा क्रम फ्रीज, सिंक, चिरण्याची जागा, शेगडी, लाटण्याची जागा असा ठेवला तर सामान एका टोकाने येते आणि शिजलेले अन्न दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. ओटा दहा फुटांहून लांब झाला, की फेऱ्या वाढतात. उंचावरच्या कपाटांवर या आकाराची सगळी मदार असते.

दुसरा समांतर ओटा, समोरासमोरच्या दोन भिंतींचा. एका बाजूला शेगडी आणि सिंक, दुसऱ्या बाजूला मिक्सर, डबे आणि कोरडी कामे. मधली वाट साडेतीन ते चार फूट हवी. दोन्ही ओटे दोन-दोन फुटांचे करायला त्यामुळे साडेसात-आठ फूट रुंदी लागते. खोली सातच फुटांची असेल तर समोरचा ओटा १५ इंचांचा करावा. ४५ इंचांची वाट उरते. पंधरा इंचांत ताटे, वाट्या, डबे, मायक्रोवेव्हखेरीज बहुतेक सगळे मावते. दोन्ही टोकांना दारे असतील तर मात्र ही वाट घराचा रस्ता बनते आणि तापलेल्या तेलामागून पोरे धावतात. अशा वेळी एक दार बंद करणेच शहाणपणाचे.

तिसरा एल. मराठी फ्लॅटमध्ये हाच सर्वांत जास्त दिसतो, कारण दोन भिंती वापरून उरलेल्या कोपऱ्यात चौघांचे टेबल मावते. त्याचे दुखणे म्हणजे काटकोनातला अंधारा कोपरा. खाली फिरती चकती किंवा ओढून बाहेर येणारी जाळी बसवता येते, पण ती महाग पडते. त्यापेक्षा कोपऱ्याच्या वर मिक्सर कायमचा ठेवून द्यावा, मागे बटणांचा बोर्ड घ्यावा आणि खालच्या पोकळीत सठीसामासी लागणारी मोठी पातेली ढकलावीत. रोज मिक्सर काढायचा आणि रोज ठेवायचा हा व्याप वाचतो.

चौथा यू. तीन भिंती मिळाल्या तर सलग सपाटी सर्वांत जास्त मिळते आणि एका माणसाला गिरकी घेऊन तिन्ही बाजू गाठता येतात. दोघांनी काम करायचे तर दोन भुजांमध्ये किमान चार फूट हवेत. यूची एक भुजा भिंत सोडून खोलीत पुढे आली, की भूगोलाच्या भाषेत द्वीपकल्प होते. एका टोकाने जोडलेला हा ओटा बेटाची चारही कामे करतो आणि चारऐवजी तीनच बाजूंना वाट मागतो. पलीकडून बसायचे असेल तर ग्रॅनाइट बारा ते पंधरा इंच पुढे काढावा, म्हणजे गुडघे आत जातात. स्वयंपाकघर हॉलला जोडून मोकळे असेल तर हद्दही आपोआप आखली जाते.

द्वीपकल्पालाही जागा नसेल तर हलत्या वस्तू कामी येतात. लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन अभियंत्या विदुषीने १९२९ च्या सुमारास आखलेल्या नमुना स्वयंपाकघरात एल आकाराच्या जोडीला चाकांचे टेबल होते. आजही १८ बाय ३० इंचांची, ब्रेक लागणारी चाके असलेली स्टीलची गाडी सकाळी लाटण्याला, दुपारी भाजी निवडायला आणि रात्री ताटे टेबलापर्यंत न्यायला पुरते. एरवी ती ओट्याखाली किंवा फ्रीजच्या कडेला शिरते. भिंतीला बिजागरीने टांगलेली दोन बाय तीन फुटांची फळी आणखी सोपी. तीस इंचांवर बसवली तर तिच्यावर दोघांना खुर्चीत बसून जेवता येते, बसून भाजी चिरता येते आणि तीच उंची पोळ्या लाटायला ओट्यापेक्षा सोयीची ठरते. हॉलच्या भिंतीत तीन फुटांची खिडकी काढून तिच्या तळाशी फळी बसवली, की आतले पातेले बाहेरच्या टेबलावर सरकते आणि रांधणाराही गप्पांत राहतो. मात्र भिंतीला हात लावण्यापूर्वी ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावे आणि सोसायटीची परवानगी काढावी. जुन्या, बिनखांबांच्या इमारतींत विटांची भिंतच वरचा मजला तोलते.

बेटाखालचे सामान भिंतीत जिरवायचे, तर उंचीचा हिशेब नीट हवा. वरची कपाटे ओट्यापासून १८ ते २४ इंच वर आणि बारा-चौदा इंच खोल असली, की डोके आपटत नाही. पाच फुटांच्या व्यक्तीचा हात सहा फुटांच्या थोडा वर पोचतो. रोजचे सगळे त्या रेषेखालीच हवे. त्यावर सणासुदीचे, आणि माळ्यावर वर्षातून दोनदा लागणारे. ओट्याखाली ताटवाट्यांची, कपबश्यांची, डब्यांची अशा ट्रॉल्या वेगवेगळ्या असाव्यात. दाराच्या कपाटात मागची वस्तू काढायला पुढच्या चार हलवाव्या लागतात. ट्रॉलीत ती वरून दिसते. सिंकखालची चौकट मात्र लाकडी नको. तिथे ओल धरते आणि झुरळे होतात, म्हणून कडाप्प्याचे कप्पे आणि स्टीलची जाळी बरी. ड्राय बाल्कनी असेल तर भांडी घासणे, धान्याचे पिंप आणि कांदे-बटाटे तिकडे गेले, की आतला चार-पाच फुटांचा ओटा सुटतो.

हवा, उजेड आणि गॅस यांत तडजोड चालत नाही. स्वयंपाकाचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून १४.२ किलोचे सिलिंडर ज्या कपाटात ठेवायचे, त्याच्या दाराला तळाशी झडपा किंवा भोके हवीत. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, त्याला वरून वाट हवी. शेगडी खिडकीसमोर आली तर वाऱ्याने ज्योत फडफडते. खिडकी सिंकला द्यावी. चिमणी शेगडीपासून २६ ते ३० इंच उंचीवर आणि तिची नळी शक्य तितकी सरळ व आखूड असावी. भिंतीकडे तोंड करून काम करणाऱ्याची सावली त्याच्याच हातावर पडते, म्हणून छताचा एकच दिवा पुरत नाही. वरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेशी दिव्यांची पट्टी लावली की विळी-सुरी चालवताना बोटे दिसतात.

बऱ्याच घरांत वास्तूची पथ्ये पाळतात: अग्नी आग्नेयेला, पाणी ईशान्येला. हे दोन्ही कोपरे पूर्वेच्या भिंतीच्या दोन टोकांना येतात. त्यामुळे ती भिंत मुख्य ओटा ठरते, एका टोकाला शेगडी, दुसऱ्या टोकाला सिंक आणि मध्ये चिरण्याची सलग जागा. मापांच्या हिशेबानेही ही मांडणी चांगलीच आहे. अडचण येते ती इमारतीचे नळ आणि सांडपाण्याचा पाइप दुसऱ्या भिंतीत असतात तेव्हा. सांडपाण्याच्या नळीला उतार लागतो, आणि सिंक जितके दूर तितकी तुंबण्याची भीती जास्त.

निर्णयांचा क्रमही यातूनच ठरतो. आधी पाणी आणि त्याचा निचरा, मग गॅस आणि धूर, मग फ्रीजचे दार कुणीकडे उघडते ते. त्यानंतर शेगडी-सिंकमधला सलग ओटा, मग ट्रॉल्या, आणि सगळ्यांत शेवटी बसण्याची फळी किंवा खिडकी. मध्ये काय ठेवायचे हा प्रश्न इथवर येईपर्यंत सहसा सुटलेला असतो. तरीही आराखडा कायम करण्याआधी एक साधे माप घ्यावे. दोन माणसे समोरासमोर मांडी घालून बसली आणि मध्ये परात ठेवली, तर साधारण साडेपाच फूट लांब आणि तीन फूट रुंद जमीन लागते. समांतर ओट्यांमधल्या साडेतीन फुटी वाटेतही ती लांबीच्या बाजूने निघते. दिवाळीच्या आधी तिथे जुनी वर्तमानपत्रे पसरून एकजण सोऱ्याने चकल्या पाडतो, दुसरा शंकरपाळी कातत बसतो. फराळाचे डबे भरले, की कागद गोळा होतात आणि जमीन पुन्हा पायांखाली येते.